कुडाचे घर आणि घरकुल

2011च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत प्रगणक ग्रामीण भागातल्या घरोघरी गेले. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे आणि खोल्या किती, हे त्यांनी लिहून घेतले. गवत, पेंढा, बांबू, माती अशी उत्तरे आली की ते घर कच्चे ठरले. पुढे प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली तेव्हा लाभार्थ्यांच्या याद्या याच नोंदींवरून निघाल्या. बेघरांना आणि पडक्या घरात राहणाऱ्यांना निवारा मिळावा या हेतूबद्दल कोणाचाच वाद असू नये. पण डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी कुटुंबांची कुडाची घरेही त्याच रकान्यात गेली. पिढ्यान् पिढ्या जपलेले बांधकामाचे कसब लिहायला त्या तक्त्यात जागाच नव्हती. या पुस्तकात त्या कसबाची नोंद आहे, आणि ते कसब का मोडत चालले आहे याचा शोधही आहे.

आधी घर पाहू. कुडाच्या घराचा सगळा भार मेढींवर असतो. साग किंवा ऐनाचे सरळ, जाड खोड निवडायचे, वरच्या टोकाला बेचके ठेवायचे, ते जमिनीत खोल रोवायचे आणि बेचक्यात आढे बसवायचे. त्यावर वासे, वाशांवर बांबूच्या आडव्या काठ्या आणि वर पानांचा व गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा थर. भिंतीवर छपराचे ओझे येतच नाही. भिंतीचे काम ऊन, वारा, पाऊस अडवण्याचे आणि आतले खाजगीपण राखण्याचे. म्हणून ती कारवीची चालते. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी ही झुडपे साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलतात आणि बी धरून मरतात. त्यांच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आडव्या कामट्यांनी बांधल्या की कूड तयार होतो. मग दोन्ही बाजूंनी शेण आणि माती लिंपायची. पुष्कळ घरांत कुडाचा वरचा भाग न लिंपता तसाच ठेवतात; तिथून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो.

या रचनेतले शहाणपण दुरुस्तीच्या वेळी कळते. कुडाचा खालचा भाग पावसाच्या झडीने कुजला तर तेवढाच बदलता येतो. गवत जुने झाले तर पावसाळ्याआधी घर शाकारायचे. मुलाचे लग्न ठरले तर दोन मेढी वाढवून पडवी काढायची. जुने घर मोडून दुसरीकडे बांधायचे असेल तर चांगल्या मेढी आणि आढे नव्या जागी नेता येतात. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छपराचा तीव्र उतार आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे, खालपर्यंत आलेल्या वळचणी त्या पावसाकडे बघूनच ठरलेल्या आहेत.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती थंडाव्याची, आणि दुसरी अंधाराची. एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला चूल, मध्ये भिंत असली तर अर्धी. चुलीवर माळा असतो. बियाणे, मिरच्या, सुकी मासळी तिथे ठेवतात, कारण धुरामुळे कीड लागत नाही. तोच धूर छपराचे गवतही टिकवतो. कणग्यांमध्ये भात असतो. कोपऱ्यात देवांची जागा असते. दाराबाहेरचा ओटा पाहुण्यांचा, म्हाताऱ्यांचा आणि संध्याकाळच्या गप्पांचा. घर शेताच्या कडेला असते आणि शेजाऱ्याचे घर हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. गावठाणात दाटीने राहणाऱ्या माणसाला हे पाडे विखुरलेले वाटतात. पण शेत, गुरे आणि रान यांच्याजवळ राहायचे तर याहून सोयीची मांडणी नाही.

आणि मग भिंत. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते, विधी चालवते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. या चित्रांना मातीची खरबरीत, ओल शोषून घेणारी, दर सणाला नव्याने सारवता येणारी भिंत लागते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि चित्रे कागदावर उतरू लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आज या आकृत्या साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांवर, सरकारी कचेऱ्यांच्या आवारभिंतींवर दिसतात. त्यातून अनेक तरुणांना रोजगार मिळतो, याचा मला आनंद आहे. पण चित्र जगभर पोचत असताना ज्या भिंतीवर ते जन्मले ती भिंत गावोगाव पाडली जात आहे, आणि चित्रावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी याची दखल जवळजवळ घेतलेली नाही. चित्राला संरक्षण दिले आणि घराला दिले नाही, हे अर्धवट काम आहे.

घर का मोडते, याचे नेहमीचे उत्तर असे की लोकांना आता सिमेंट हवे आहे. हे उत्तर चूक नाही, पण फार अपुरे आहे. माझ्या मते खरी सुरुवात जंगलापासून होते. 1878च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि मेढ, वासा, कारवी, गवत या गोष्टी आणायला जाणारा माणूस स्वतःच्याच रानात गुन्हेगार ठरू लागला. स्वातंत्र्यानंतरही हे फारसे बदलले नाही. जाड लाकूड मिळेना तेव्हा मेढी बारीक झाल्या, मेढी बारीक झाल्या म्हणून घर लहान झाले, गवत मिळेना म्हणून छपरावर प्लास्टिकचा कागद आला. बाहेरून येणाऱ्याने हे रोडावलेले घर पाहिले आणि आदिवासींची घरे अशीच असतात असे ठरवून टाकले. परंपरेचा दोष म्हणून जे दाखवले जाते, त्यातला बराचसा भाग साहित्य हिरावले गेल्याचा परिणाम आहे.

दुसरे कारण वेळेचे. घर शाकारण्याचे, कूड बदलण्याचे, लिंपण्याचे काम भात झोडून झाल्यावर पावसाळ्यापर्यंतच्या महिन्यांत होते. नेमक्या याच महिन्यांत कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि इमारतींच्या कामावर गेलेली असतात. दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसे आणि थोडी लहान मुले उरतात. पूर्वी घर बांधणे म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे अशी हातांची देवाणघेवाण होती. हातच गावात नसतील तर ती देवाणघेवाण कशी व्हावी? कातकरी कुटुंबे उन्हाळाभर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापतात आणि मृगाच्या तोंडावर परत येऊन स्वतःच्या गळक्या छपरावर ताडपत्री ओढतात. गृहनिर्माणाचे धोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करायला हवा.

आता घरकुलाकडे येऊ. 1985-86मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना 1996पासून स्वतंत्र योजना झाली आणि 2016मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. घराचे किमान क्षेत्र 20 चौरस मीटरवरून 25 चौरस मीटर झाले, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये असे अर्थसाहाय्य ठरले. बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो जागेच्या नोंदीसह चढवले की हप्ता मिळतो. राज्य सरकारची शबरी आदिवासी घरकुल योजनाही याच मापाच्या आसपास चालते. हप्त्यांच्या या शिस्तीमुळे गैरव्यवहाराला आळा बसतो, हे मान्य करायला हवे.

पण 269 चौरस फुटांत गुरे कुठे बांधायची? कणगी कुठे ठेवायची? लग्नात तीनशे माणसे आली तर ओटा कुठे आहे? चूल पेटवली की स्लॅबखाली धूर कोंडतो, पत्रा घातला तर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही आणि आषाढात पावसाच्या आवाजाने बोललेले ऐकू येत नाही. म्हणून पुष्कळ पाड्यांवर असे दिसते की घरकुलाला खेटून लोकांनी पुन्हा कुडाची पडवी काढली आहे. चूल तिथे आहे, निजणे तिथे आहे आणि सिमेंटच्या खोलीत भाताची पोती, खताच्या गोण्या, शाळेची दप्तरे आणि टीव्ही आहे. कोणी मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. लोकांनी आपला अभिप्राय बांधून दाखवला. आराखडा करणाऱ्यांनी तो वाचायला हवा होता.

मात्र पक्क्या घराची ओढ खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. छपराला आग लागून वर्षाचे धान्य जळालेले घर ज्याने पाहिले आहे, रात्री गवतातून साप पडलेला ज्याला आठवतो, त्याला मातीच्या भिंतींचे कौतुक ऐकवणे हा क्रूरपणा आहे. दर आठवड्याला सारवण करणारे हात बाईचे असतात. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती जातात, तेही तिचेच. गुरे कमी झाली, म्हणून शेणही विकत घ्यावे लागते. शिवाय पक्के घर असले की मुलाला स्थळ येते, कर्जाच्या वेळी पत राहते, तालुक्याच्या कचेरीत मान मिळतो. शतकभर ज्यांना रानटी म्हणून हिणवले, त्यांनी त्या हिणवण्याशी जोडलेले घर टाकून द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. शहरात सिमेंटच्या घरात राहून आदिवासींना मातीचे घर जपायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंपरेतले सगळेच टिकवण्याजोगे असते असेही नाही. गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांना वेगळे ठेवण्याची कुरमाघरे आहेत. अपुरी, अंधारी, अनेकदा दारसुद्धा नीट नसलेली. तीही पारंपरिक वास्तू आहेत आणि ती प्रथेसकट जायला हवीत. उलट त्याच गावांतला गोटूल, जिथे गाव बसते, बोलते, निर्णय घेते, तो राहायला हवा. मेळघाटात कोरकूंची घरे रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगेत असतात. त्या रस्त्यावरच गावाचे अर्धे आयुष्य जाते. व्याघ्र प्रकल्पासाठी गाव उठवताना प्रत्येक कुटुंबाला किती पैसे आणि किती जमीन मिळाली याचा हिशेब ठेवला जातो. समोरासमोरची ती दोन दारे पुन्हा समोरासमोर आली का, हे कोण तपासते? काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचे आहे, त्यातही स्त्रियांनी आधी.

सुरक्षिततेचा मुद्दा नेहमी जुन्या घराविरुद्ध मांडला जातो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर कोसळून. तीही पारंपरिक घरेच होती. तेव्हा जुने म्हणजे सुरक्षित, असे कोणी म्हणू नये. पण नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. थंडीच्या रात्री लोक घर सोडून तंबूत झोपू लागले. पक्क्या भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. पाया नीट न घेतलेली, कोपऱ्यांत लोखंड न घातलेली विटांची भिंत धक्क्यात माणसावर पडते. मेढींच्या सांगाड्यावर उभे असलेले हलके घर हलते, वाकते आणि बहुधा माणसाला बाहेर पडायला वेळ देते. कच्छमधले बन्नीचे 'भुंगे', म्हणजे मातीची गोल घरे, 2001च्या भूकंपात चांगले टिकले, हे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आता शिकवले जाते. आपल्या जिल्ह्यातल्या कुडाच्या घराचा असा अभ्यास आपण का करू नये?

माती टिकत नाही, हा दुसरा आक्षेप. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी आहे. गांधीजी 1936मध्ये तिथे राहायला आले. माती, बांबू आणि कौले यांनी बांधलेली ती कुटी आजही उभी आहे आणि रोज माणसे तिच्यात जाऊन बसतात. ती उभी आहे कारण तिची दरवर्षी निगा राखली जाते. आवास योजनेच्या नियमांत पक्के घर म्हणजे वाजवी देखभाल केल्यास किमान 30 वर्षे टिकणारे घर. या कसोटीवर बापूकुटी केव्हाच उतरली आहे. मेळघाटातल्या लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने प्रक्रिया केलेला बांबू किती प्रकारे वापरता येतो ते कित्येक वर्षे करून दाखवले आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालय, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून 'पहल' नावाचा आराखड्यांचा संग्रह तयार केला. त्यात निरनिराळ्या राज्यांचे हवामान आणि स्थानिक साहित्य पाहून घरे आखली आहेत. योजनेच्या नियमांनुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमायचा नसतो. म्हणजे कागदावर बरीच मोकळीक आहे. तालुक्याला पोचेपर्यंत ती एका ठरलेल्या नकाशात आणि गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या मिस्त्री-ठेकेदाराच्या दरात आटून जाते. कुटुंबाच्या हाती पैसा येतो तो जोत्याच्या, लिंटलच्या, स्लॅबच्या फोटोवर. मेढ रोवल्याच्या फोटोला त्या साखळीत स्थान नाही.

यातून एक मध्यम मार्ग निघतो आणि तो काही ठिकाणी लोकांनी आपणहून काढलाही आहे. दगडी किंवा विटांचे उंच जोते, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. लाकडाच्या किंवा सिमेंटच्या खांबांचा सांगाडा. त्यात कुडाच्या किंवा मातीच्या भिंती. वर कौले आणि पुढे आलेली वळचण. धूर बाहेर नेणारी चूल, लागून न्हाणी आणि संडास. ओटा मोठा. गोठा जवळ, पण वेगळ्या छपराखाली. यातले काहीच अवघड नाही. अवघड आहे ते बांबू आणि कारवी मिळवणे, आणि तिथे पुन्हा आपण जंगलापाशी येतो. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि ग्रामसभेला सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये असा हक्क मिळाला आणि 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही गावाच्या हाती आले. ज्या ग्रामसभेचा आपल्या जंगलावर ताबा आहे तिला घराचे साहित्य कोणाकडे मागावे लागत नाही. म्हणून माझे ठाम मत असे की पारंपरिक घरे वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक कायदा वारसा जतनाचा नाही, वनहक्काचा आहे.

भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशभरातल्या आदिवासींनी स्वतः येऊन बांधलेली घरे आहेत. ती जरूर पाहावीत. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्या घरांत कोणी भात झोडत नाही, कोणाचे लग्न लागत नाही. दोन-चार नमुने संग्रहालयात, चार-पाच पर्यटन केंद्रात आणि बाकी सगळीकडे एकाच मापाच्या निळ्या-पिवळ्या खोल्या, असे जतन या पुस्तकाला नको आहे. जिथे माणसे राहतात तिथे, त्यांच्या मर्जीने, त्यांच्या हातांनी, बदलत जाणारे घर हवे आहे.

पुढच्या पानांत घरांचे मोजमाप घेऊन काढलेले आराखडे आहेत, मेढी-कूड-छपराच्या जोडण्यांची रेखाटने आहेत, कोणते लाकूड कोणत्या महिन्यात तोडावे याविषयी जुन्या बांधकऱ्यांनी सांगितलेली माहिती आहे, आणि घरकुलात राहायला गेलेल्या स्त्रियांचे म्हणणे आहे. वाचकांनी हे शेवटचे प्रकरण आधी वाचावे अशी माझी सूचना आहे. कौतुकही त्यात आहे आणि तक्रारीही. दोन्ही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या आहेत.

हे सगळे आताच बोलण्याचे कारण आहे. नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात देशातल्या 75 विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठी 4 लाख 90 हजार घरांचे उद्दिष्ट आहे आणि प्रत्येक घराची किंमत 2 लाख 39 हजार रुपये धरली आहे. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात येतात. रक्कम पूर्वीच्या मानाने मोठी आहे. तिच्यात चांगले जोते, चांगले खांब, कौले आणि मोठा ओटा बसू शकतो. तेव्हा जिल्हा परिषदांचे अभियंते, प्रकल्प अधिकारी आणि ग्रामसेवक यांना माझी विनंती आहे: नकाशा मंजूर करण्याआधी पाड्यावर एक दिवस ग्रामसभा बसवा, स्त्रियांना पुढे बसवा, दोन-तीन पर्यायी आराखडे त्यांच्यासमोर ठेवा आणि कुडाची भिंत मागणाऱ्या कुटुंबाचा हप्ता त्या कारणावरून अडवू नका.